दसऱ्याचा आंब्याचा डहाळा: कुठला तोडायचा, कसा टिकवायचा, कुणाला विकायचा

गावात आंब्याचा डहाळा कुणी विकत घेत नाही. दसऱ्याच्या पहाटे घरातलं पोरगं शेजाऱ्याच्या झाडाला लोंबकळतं, हाताला येतील तेवढी पानं ओरबाडतं आणि दारावर तोरण चढतं. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शहरात मात्र याच पानांना पैसे पडतात. म्हणून दर अश्विनात कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतंच की आमराईत एवढा पाला फुकट आहे, टेम्पो भरून नेला तर? नेता येतो आणि पैसेही मिळतात. पण हा पाला फुकटचा नाही. तो का नाही, हे कळल्याशिवाय झाडावर चढू नये.

डहाळ्याच्या टोकाला काय असतं

आंब्याला मोहोर फांदीच्या मधून किंवा खोडातून सहसा फुटत नाही. तो येतो काडीच्या अगदी टोकाला, शेंड्यावरच्या डोळ्यातून. पावसाळ्याच्या आसपास जी नवी फूट निघते, ती आधी तांबूस, लोंबती, मऊ असते. महिना-दीड महिन्यात ती हिरवी होते, मग गडद होते, काडी टणक होते. विदर्भात दिवाळीच्या पुढेमागे रात्री गार होऊ लागल्या की अशा पिकलेल्या काडीच्या शेंड्याला झाड ठरवतं, इथे पान नाही, मोहोर काढायचा. जानेवारी-फेब्रुवारीत तो आपल्याला दिसतो.

आता दसरा येतो कधी? नेमका त्याच्या आधी. आणि गिऱ्हाईकाला हवा असतो कसला डहाळा? कलशात ठेवायला पाच-सात पानांचा गुच्छ असलेला, गडद हिरवा, टोक शाबूत असलेला. म्हणजे जी काडी जानेवारीत मोहोरणार, नेमकी तीच. शेंडा एकदा तोडला की त्या काडीला त्या हंगामात बहुधा मोहोर नाही. खालच्या डोळ्यांतून फूट येते, पण ती पिकायला वेळ लागतो आणि तोवर थंडी सरलेली असते.

हा हिशोब एकदा मांडूनच बघू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे घालून घ्या. समजा दहा डहाळ्यांची एक जुडी, अशा २०० जुड्या केल्या. २० रुपयांनी विकायला बसलात, ५० जुड्या राहिल्या. १५० जुड्यांचे ३,००० रुपये आले. तोडायला आणि बांधायला दोन माणसांची मजुरी ८००, टेम्पोतला वाटा ६००, बसायच्या जागेचे १००. हाती उरले १,५००. आता दुसरी बाजू. २०० जुड्या म्हणजे २,००० शेंडे गेले. मोहोरातली बहुतेक फुलं गळूनच जातात, प्रत्येक काडीला काही आंबा धरत नाही, म्हणून दहातल्या एकाच काडीला एक आंबा धरू. २०० आंबे. गावरान आंबा किलोत पाच बसला तर ४० किलो, आणि ४० रुपये भाव धरला तर १,६०० रुपये. म्हणजे दसऱ्याला १,५०० कमावले आणि अक्षय तृतीयेला १,६०० घालवले, वर दोन रात्रींची झोप मोडली ती वेगळीच. आमराई ठेक्याने देणाऱ्याला तर हा तोटा दिसतही नाही. ठेकेदार फेब्रुवारीत येऊन मोहोर बघून भाव पाडतो, आणि आपण हवामानाला शिव्या घालतो.

म्हणून या धंद्यात नफा ठरतो तो बाजारात नाही, झाडावर. काडी कुठली निवडली यावर.

कुठल्या काडीला हात लावायचा

झाडाच्या पोटात, जिथे ऊन पोचत नाही, तिथल्या काड्यांना मोहोर क्वचित येतो. पानं मात्र तिथेच मोठी, रुंद आणि गडद असतात, कारण सावलीतलं पान जास्त पसरतं. तोरणाला असंच पान हवं. दुसरी जागा म्हणजे झाडाचा खालचा घेर. जमिनीला टेकायला आलेल्या फांद्या तशाही छाटायच्याच असतात, खालून हवा खेळली की रोग कमी होतो. तिसरी चीज म्हणजे पाणसोट, म्हणजे खोडातून किंवा जाड फांदीतून सरळसोट वर जाणारी जोमदार फूट. संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला पाणसोट समजावून सांगायला नको. आंब्यावरही तो तसाच ओळखू येतो आणि तसाच काढून टाकायचा असतो.

चौथी निवड थोडी बारकाईची आहे. लंगडा, दशेरी ही झाडं एक वर्ष भरभरून देतात आणि एक वर्ष विसावतात, आणि गावरान आंब्यांतही असा स्वभाव पुष्कळदा दिसतो. ज्या काडीने या उन्हाळ्यात फळ दिलं ती पुढच्या वर्षी बहुधा रिकामीच राहते. तिच्या टोकाला जुन्या मोहोराचा वाळलेला दांडा किंवा त्याची खूण दिसते. डहाळ्याला ती चालते, फक्त त्या खुणेखाली पानं चांगली असायला हवीत.

याहून चांगला मार्ग म्हणजे डहाळ्याऐवजी सुटं पान विकणं. तोरणाला शेंडा लागतच नाही, एकसारखी सपाट पानं लागतात. काडीच्या खालच्या बाजूची पानं देठासकट खुडली आणि वरचा गुच्छ तसाच ठेवला, तर मोहोराचा डोळा वाचतो. पण इथेही हात आवरायचा. मोहोराचा सांगावा पानांतूनच शेंड्याकडे जातो. सगळी पानं ओरबाडली तर शेंडा जागेवर असूनही मोहोर यायचा नाही. निम्म्याहून जास्त पानं काडीवर राहिली पाहिजेत.

तोडायला सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, वापरा. कोयत्याच्या घावाने साल सोलटते, हाताने ओढलं तर काडी खालपर्यंत चिरते. बारीक काडीच्या जखमेला काही लावायची गरज नसते, पण अंगठ्याहून जाड फांदी कापली असेल तर बोर्डो मलम लावावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. संत्रावाल्यांच्या घरी तो असतोच. तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण आंब्याच्या चिकाने कित्येकांच्या कातडीवर चट्टे उठतात. आणि पानं एकमेकांना चिकटून चेंडूसारखी गोल झालेली दिसली तर त्या फांदीला हात लावू नका, आत लाल मुंग्यांचं गाव असतं. गडचिरोलीकडे या मुंग्यांची चटणी करतात, पण ती काढायला जाणारा तयारीने जातो. तुम्ही डहाळा तोडायला आलेले आहात.

पान कसं ओळखायचं

मधोमध दुमडलं की कट्‌ असा आवाज होऊन शीर मोडली तर पान पिकलेलं. नुसतं वाकलं तर कच्चं. कच्चं पान तोडल्यावर तासाभरात मान टाकतं, मग त्याला पाण्यात बुडवा की बर्फात ठेवा. पानावर काळी पावडर लागल्यासारखी दिसली आणि बोटाने पुसली गेली तर ती काजळी. तुडतुड्यांनी टाकलेल्या चिकट गोड रसावर ती वाढते. थोडी असेल तर ओल्या फडक्याने निघते, जास्त असेल तर तो माल बाजारात नेऊच नये. गाठी आलेली, कडा कुरतडलेली पानं बाजूला काढायची. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत झाडावर औषध मारलं असेल तर त्या झाडाचा डहाळा विकू नये. हा डहाळा कलशात जातो, त्याच पाण्याचं पुढे तीर्थ म्हणून घरभर शिंपण होतं.

सण कधी येतो याचाही पानावर परिणाम होतो, आणि इकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने तो २० ऑक्टोबरला आहे. अठरा दिवसांचा फरक. दसरा लवकर आला की बरीच झाडं अजून तांबूस पालवीत असतात आणि पाऊसही पुरता गेलेला नसतो, म्हणजे विकाऊ डहाळा कमी आणि ओला. उशिरा आला की पान पिकलेलं, गडद, पण ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. पहिल्या प्रकारच्या वर्षी माल कमी धरा, दुसऱ्या प्रकारच्या वर्षी पाण्याची सोय जास्त धरा. पंधरा दिवस आधी आमराईत फेरी मारून कुठल्या झाडाची पानं तयार आहेत हे बघून ठेवलं की ऐनवेळी अंधारात चाचपडावं लागत नाही.

तोडल्यावर ते मरत का नाही लगेच

डहाळा तोडला तरी पानाला ते ठाऊक नसतं. ते आपलं पाणी हवेत सोडतच राहतं, फक्त खालून येणारं पाणी बंद झालेलं असतं. आंब्याच्या पानाची वरची बाजू मेणचट असते, तिच्यातून फार पाणी जात नाही. बहुतेक सगळी बारीक छिद्रं खालच्या बाजूला. उजेड पडला की ती उघडतात, अंधारात बहुतेक मिटतात. म्हणूनच तोडणी पहाटे: रात्रभर मुळांनी पाणी चढवलेलं असतं, पान भरलेलं असतं आणि छिद्रं अजून मिटलेली असतात. दुपारी दोनला तोडलेला डहाळा निम्मा तहानलेलाच झाडावरून उतरतो.

दुसरी गंमत कापाच्या तोंडाशी आहे. काडीत पाणी वर ओढलं जात असतं, त्यामुळे काप बसताच ते आत सरकतं आणि बारीक नळ्यांत हवा शिरते. मग बादलीत उभा केला तरी डहाळा पाणी पीत नाही, पाण्यात उभा राहून सुकतो. उपाय सोपा आहे: बादलीत टाकताना टोक पाण्याखाली धरून बोटभर पुन्हा तिरकं कापायचं. हवेचा भाग गळून पडतो आणि पाणी चढतं. बुडातली पानं काढून टाकायची, ती पाण्यात कुजली की पाणी नासतं आणि नळ्या चोंदतात.

वरून पाणी शिंपडणं म्हणजे डहाळ्याला पाणी पाजणं नव्हे. शिंपडल्याने भोवतीची हवा दमट राहते, एवढाच फायदा. पण ओलेचिंब डहाळे प्लास्टिकच्या थैलीत कोंबून ऊन लागेल असे ठेवले तर पानं स्वतःच्याच श्वासाने तापतात आणि रात्रीतून काळी पडतात. गोणपाट ओला करून पिळायचा, त्यात जुड्या उभ्या लपेटायच्या, वर दुसरा ओला गोणपाट, आणि टेम्पोत भाजीच्या वर ठेवायचं, खाली नाही. अशाने दोन दिवस माल सहज धरतो. सुटी पानं मात्र एका दिवसाचीच, कारण त्यांना पाणी प्यायला काडीच नाही. ती आदल्या संध्याकाळी खुडायची आणि रात्रीत ओवायची.

थंड देशांतल्या लोकांचं सणाचं पान म्हणजे सूचिपर्णी फर. अमेरिकेतल्या मेन राज्यात नाताळच्या दारावरच्या चक्रासाठी बाल्सम फरची टोकं तोडतात, आणि तोडणारे कडाक्याची थंडी पडायची वाट बघतात. कडक गारठ्याच्या काही रात्री गेल्याशिवाय सुया काडीला नीट धरून राहत नाहीत, आधी तोडल्या तर घरात गळून पडतात. एकदा गारठा बसला की त्यांचा माल आठवडेच्या आठवडे उघड्यावर टिकतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पारा ३३-३४ च्या घरात. त्यांच्याकडे टिकवायचं काम थंडी करते, आपल्याकडे ते पहाट, पाणी आणि घाई यांच्यावर आहे.

विकायचं कुणाला

रस्त्यावर बसून विकणं हा सगळ्यात दिसणारा मार्ग, आणि सगळ्यात बेभरवशाचा. भाव असतो आदल्या संध्याकाळी आणि सणाच्या सकाळी. दुपारी बाराला तोच डहाळा कुणी फुकटही नेत नाही. नागपूरला नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात, १९५६ च्या धम्मदीक्षेपासूनचा हा शिरस्ता आहे. त्या दोन-तीन दिवसांत त्या भागातले रस्ते वळवलेले असतात. सीताबर्डीच्या फूलबाजारात माल पोचवायचा तर अंधार असतानाच पोचवावा, नाहीतर टेम्पो एका चौकात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या.

याहून बरा गिऱ्हाईक म्हणजे झेंडूवाला. तो तसाही बसणारच असतो आणि त्याच्याकडे येणाऱ्याला आंब्याचं पान लागतंच. त्याला आठवडाभर आधी भेटून जुडीचा भाव ठरवून टाका. भाव रस्त्यावरच्यापेक्षा कमी मिळेल, पण उरलेल्या मालाची डोकेदुखी त्याची. त्याहून चांगला गिऱ्हाईक खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गॅरेज, छापखाने, पिठाच्या गिरण्या, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीतले कारखाने यंत्रांची पूजा करतात. त्यांना दोन डहाळ्या नको असतात, पन्नास फूट तयार तोरण हवं असतं, दारात पोचवलेलं. ही मागणी फोनवर ठरते, तोडणी तेवढीच होते, उरत काही नाही.

तोरणात मजुरी पानापेक्षा महाग असते, म्हणून ते रात्रीतून करणाऱ्या बायकांच्या गटाला यात खरा वाव आहे. पान देठाकडून सुतळीवर दुमडायचं आणि खराट्याच्या काडीचा बारीक तुकडा आरपार टोचून अडकवायचं. शहरात स्टेपलर मारतात. काम झपाट्याने होतं, पण पिन गंजते आणि तोरण गाईच्या पोटात गेलं तर पिनही जाते. दोन पानांत बोटभर जागा, दर पाच पानांमागे एक झेंडू. भंडारा-गोंदियाकडे तोवर हलकं धान निसवलेलं असतं, तोरणाच्या मधोमध दोन लोंब्या गुंफल्या की शहरातलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

दसरा गेला की वीस दिवसांनी दिवाळी, मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मांडवडहाळ्याला आंबा आणि जांभूळ दोन्ही लागतात. पूर्वी बंडी भरून डहाळे यायचे, आता कापडी मंडपाला नावापुरता एक हिरवा पट्टा बांधतात, पण तो बांधतातच. गुढीपाडव्याला मात्र आमराईत शिरू नका. तेव्हा काडीला वाटाण्याएवढ्या कैऱ्या असतात, डहाळा म्हणजे सरळ फळच.

आपट्याबद्दल थोडं, कारण दसऱ्याला त्याचाही बाजार भरतो. आपटा हे झाड सावकाश वाढतं, आणि त्याची अख्खी फांदी कुऱ्हाडीने पाडून पानं विकायची रीत वाईट आहे. बाजारात मोठमोठी, पातळ जोडपानं ‘सोनं’ म्हणून मिळतात, त्यातली पुष्कळशी कांचनाची असतात. खरा आपटा लहान पानाचा आणि जाडसर. पोळ्याला दारात लावायच्या पळसाच्या फांद्यांचं एवढं दुःख नाही, पळस तोडला की दुप्पट फुटतो.

कायद्याचं

स्वतःच्या शेतातल्या झाडाची बारीक डहाळी तोडणं आणि फाटे उतरवणं यात फरक आहे. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा आणि जांभूळ दोन्ही आहेत. झाड पाडायचं असो किंवा त्याला इजा होईल असं तोडायचं असो, आधी परवानगी लागते. सडकेच्या कडेचं झाड आपलं नसतं, ते कुणी राखत नसलं तरी. जंगलातून आणलेलं पान हेही १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे वनोपजच, नाक्यावर टेम्पो अडवला तर ‘पानंच तर आहेत’ हे उत्तर चालत नाही. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे गौण, म्हणजे लाकूड सोडून इतर, वनोपजाबद्दल ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये असे हक्क मिळवले आणि पुढे आपला बांबू आपण विकून दाखवला. अशा गावात आपट्याची पानं तोडायची तर ठराव आधी, सिकेटर नंतर.

फक्त पानासाठी झाड

आमराईला हातच लावायचा नसेल तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खास डहाळ्यासाठी ओळ लावावी. कलम नको, कोयीचं रोप पुरे, कारण फळाची जातच बघायची नाही. हातभर-दोन हात अंतरावर दाट लावायची, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दर जूनमध्ये छातीएवढ्या उंचीवर छाटायची. पावसाळ्यात फूट भराभर येते, दसऱ्यापर्यंत पिकते, आणि शिडी न लावता उभ्या उभ्या तोडता येते. फळ यायचं नाही, ते अपेक्षितही नाही. सावली पडते म्हणून धुऱ्याच्या उत्तरेकडे कपाशी नको, गवत असू द्या. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून बोरीच्या काट्यांचं कुंपण लागेल, आणि दोन्ही उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा पाणी.

कोय मात्र साठवून ठेवता येत नाही. वाळली की आतला गर मरतो. आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन सावलीत दोन-चार दिवस ठेवायची, वरचं कवच जपून फोडून आतली बी बाहेर काढायची आणि पंधरवड्याच्या आत पिशवीत लावायची. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडला की ती रोपं धुऱ्यावर न्यायला तयार असतात.